रोझरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोझरी पाठ असते, पण तिच्याबद्दलच्या शंका मात्र बहुतेकांच्या मनातच राहून जातात. लहानपणी विचारलं तर "आधी प्रार्थना म्हण, मग बोल" असं उत्तर मिळतं आणि मोठेपणी विचारायला संकोच वाटतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात आणि वर्गाबाहेर लोक मला जे विचारत आले, त्यातले प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो.

रोझरी म्हणजे नेमकं काय?

प्रभू येशूच्या आयुष्यातले ठरावीक प्रसंग त्याची आई मरिया हिच्या सोबतीने मनात आणत, मण्यांच्या माळेवर मोजत केलेली प्रार्थना. या प्रसंगांना 'रहस्यं' म्हणतात, कारण देवाने माणसाच्या तारणासाठी जे केलं ते त्यांतून उलगडत जातं.

माळ क्रूसापासून सुरू होते. क्रूस हातात धरून क्रूसाची खूण करायची आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणायचा. पुढच्या सुट्या मण्यावर 'हे आमच्या स्वर्गातील बापा', मग तीन मण्यांवर विश्वास, आशा आणि प्रीती वाढावी म्हणून तीन 'नमो मरिया' (मरियेला वंदन करून विनंती करणारी छोटी प्रार्थना), शेवटी 'पित्याला गौरव'. त्यानंतर पाच दशकं, म्हणजे दहा-दहा नमो मरियांचे पाच भाग. प्रत्येक दशकाला एक रहस्य जाहीर करायचं, एकदा प्रभूची प्रार्थना, दहा वेळा नमो मरिया, एकदा पित्याला गौरव. शेवटी मरियेला राणी म्हणून वंदन करणारी प्रार्थना. बरेच जण पुढे मरियेची लितानीही (तिच्या पदव्या घेत केलेली विनंत्यांची माळ) म्हणतात. नेहमीच्या माळेत 59 मणी असतात, 53 नमो मरियेचे आणि 6 प्रभूच्या प्रार्थनेचे. घाई न करता म्हटलं तर पंधरा ते वीस मिनिटं लागतात.

कॅथलिक आहे म्हणजे रोझरी म्हणायलाच हवी का?

नाही. रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) बंधनकारक आहे, रोझरी नाही. एखाद्या दिवशी राहिली म्हणून पाप लागत नाही आणि ते पापनिवेदनात (धर्मगुरूंपुढे पापं कबूल करताना) सांगायचीही गरज नाही. पोप पॉल सहावे यांनी 1974 साली मरियाभक्तीवर लिहिलेल्या पत्रात रोझरीची भरभरून शिफारस केली. पण त्याच पत्रात असंही स्पष्ट केलं की ही प्रार्थना कुणावर लादायची नाही. श्रद्धावंताला तिच्याबाबत मोकळीक वाटली पाहिजे, तिच्या सौंदर्याने तो आपणहून ओढला गेला पाहिजे.

पूर्वेकडच्या परंपरेतल्या कित्येक कॅथलिकांच्या प्रार्थनाजीवनात रोझरीला ही जागा नसते. गाठींच्या दोरीवर येशूच्या नावाची छोटी प्रार्थना पुन्हापुन्हा म्हणायची त्यांची जुनी रीत आहे. तेही तितकेच कॅथलिक.

मग तिचं एवढं महत्त्व का?

माझ्या मते याचं खरं कारण अगदी साधं आहे. मिस्सा आठवड्यातून एकदा किंवा रोज, पण चर्चमध्ये आणि धर्मगुरूंच्या हातून होते. शुभवर्तमान वाचायला डोळे, उजेड आणि थोडी शांतता लागते. रोझरीला यातलं काहीच लागत नाही. अंधारात, अंथरुणावर, रांगेत उभं असताना, अक्षरओळख नसतानाही येशू आणि मरियेच्या आयुष्यातले वीस प्रसंग माणसाच्या जवळ राहतात. रोज एक संच म्हटला तर आठवड्याभरात जन्मापासून पुनरुत्थानापर्यंत येशूचं सारं आयुष्य एकदा तरी नजरेखालून जातं. शुभवर्तमानाचा सारांश असं तिचं वर्णन केलं जातं ते यामुळे.

ही मरियेची पूजा नाही का?

हा प्रश्न बाहेरचे विचारतात आणि आपल्यापैकी अनेकांना उत्तर देता येत नाही. कॅथलिक शिकवणीनुसार आराधना फक्त देवाची होते: पित्याची, पुत्राची आणि पवित्र आत्म्याची. संतांना मान दिला जातो आणि मरियेला सर्व संतांहून मोठा मान दिला जातो. तरी आराधना आणि मान यांतलं अंतर कमी होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) 1964 साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजाचं आठवं प्रकरण मरियेसाठी राखलं आणि तिथेही हे अंतर जपलं.

वादात शिरण्यापेक्षा नमो मरियेचे शब्दच तपासा. पहिलं वाक्य गब्रिएल दूताचं, लूक 1:28. दुसरं मरियेची नातेवाईक अलिशिबा हिचं, लूक 1:42. दोन्ही सरळ पवित्र शास्त्रातली. उत्तरार्धात आपण तिला 'देवाची माता' म्हणतो. ही पदवी एफेससच्या परिषदेने 431 साली मान्य केली आणि तिचा मुख्य रोख येशू कोण आहे हे सांगण्यावर होता. आणि मग तिच्याकडे आपण मागतो काय? 'आमच्यासाठी विनंती कर.' जी स्वतः विनंती करणार, तिला आपण देव मानत नाही हे त्या शब्दांतच आलं.

मरियेच्या बाजूने बोलायचं तर शुभवर्तमानात तिची वाक्यं मोजकी आहेत. काना गावच्या लग्नात तिने नोकरांना सांगितलं, तो तुम्हाला सांगेल ते करा. रोझरीतही तिचं काम एवढंच असतं.

तीच तीच वाक्यं पन्नास वेळा म्हणायची, ही पोपटपंची झाली नाही का? येशूने 'व्यर्थ बडबड करू नका' असं सांगितलंय.

सांगितलंय, मत्तय 6:7 मध्ये. पण तिथे रोख आहे तो जास्त शब्द वापरले की देव ऐकतो, या समजुतीवर. पुन्हा म्हणण्यालाच मनाई असती तर येशूने गेथशेमानी बागेत तिसऱ्यांदा 'तेच शब्द बोलून' प्रार्थना केली नसती. मत्तयने हे आवर्जून नोंदवलंय (26:44). स्तोत्र 136 उघडून पाहा, सव्वीस ओव्या आणि प्रत्येकीच्या शेवटी 'कारण त्याची दया सनातन आहे'. प्रकटीकरणाच्या चौथ्या अध्यायात तर रात्रंदिवस 'पवित्र, पवित्र, पवित्र' चालू आहे.

तरी आक्षेपात तथ्य आहे, ते नाकारू नये. रोझरी पोपटपंची होऊ शकते आणि पुष्कळदा होते. एक बाजू पहिलं अर्ध संपवायच्या आत दुसऱ्या बाजूने उत्तरार्ध सुरू केलेला असतो, 'आमेन' आणि 'नमो' एकमेकांत मिसळून जातात आणि पाच दशकं आठ मिनिटांत उरकतात. पॉल सहावे यांनी 1974 च्या त्याच पत्रात म्हटलं की चिंतन नसलेली रोझरी म्हणजे आत्मा नसलेलं शरीर. यावर उपाय रोझरी सोडणं हा नाही. वेग कमी करा, बाकीचं बरंचसं आपोआप होतं.

लक्ष कुठे ठेवायचं? शब्दांवर की प्रसंगावर?

प्रसंगावर. शब्द ओठांवर चालू राहू द्यायचे. कपडे वाळत घालताना आपण जसं गप्पाही मारत असतो आणि हात आपलं काम करत राहतात, तसं काहीसं इथे होतं.

हे ऐकायला सोपं आहे, करताना गोंधळ होतो, म्हणून एक दशक तपशिलात घेऊ. आनंदाचं दुसरं रहस्य, मरिया अलिशिबेला भेटायला जाते. रहस्य जाहीर केल्यावर लगेच प्रार्थना सुरू करू नका, दोन-तीन श्वास थांबा. चित्र उभं करा. यहूदियातला डोंगराळ मुलूख, लांबची वाट, नुकतीच निघालेली तरुण मुलगी. तिने जे ऐकलंय ते कुणाला सांगावं हेही तिला ठाऊक नाही. पहिल्या दोन-तीन मण्यांत ती वाटेवरच असू द्या. मग दार. आत एक वयस्कर बाई, सहावा महिना सरलेला. मरियेचा आवाज कानावर पडताच तिच्या पोटातलं मूल उसळी मारतं. ती मोठ्याने म्हणते, स्त्रियांमध्ये तू धन्य. इथे तुमच्या लक्षात येईल की तुमच्या ओठांवरचं वाक्य आणि त्या घरात उच्चारलं जाणारं वाक्य एकच आहे. उरलेल्या मण्यांमध्ये स्वतःला विचारा, या महिन्यात मी आपणहून कुणाच्या दारी गेलो? एखादं नाव आठवेल. पुढचे मणी त्या नावासाठी.

एक जुनी युक्तीही आहे. नमो मरियेच्या मधोमध येशूचं नाव येतं. त्याला जोडून रहस्यापुरते चार शब्द घालायचे: 'येशू, ज्याला पोटात घेऊन तू अलिशिबेकडे गेलीस', 'येशू, ज्याने आमच्यासाठी काट्यांचा मुकुट सोसला'. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ट्रियरजवळच्या मठातला डॉमिनिक नावाचा कार्थुसी संघातला साधू पन्नास नमो मरियांना अशी पन्नास वाक्यं जोडत असे. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही 2002 च्या पत्रात ही रीत सुचवली आणि त्या नावापाशी क्षणभर रेंगाळायला सांगितलं. घाईने म्हणण्याची सवय मोडायला याहून सोपं औषध मला तरी माहीत नाही.

मन भटकतं. दुसऱ्या दशकापर्यंत उद्याच्या कामांची यादी तयार होते. मग म्हणून काय उपयोग?

लिझ्यूची संत तेरेझा कार्मेली संघातली जोगीण होती, पुढे तिला ख्रिस्तसभेच्या आचार्यांमध्ये स्थान मिळालं. तिने स्वतः लिहून ठेवलंय की एकटीने रोझरी म्हणणं तिला शारीरिक प्रायश्चित्ताच्या साधनापेक्षा जड जाई. कितीही प्रयत्न केला तरी रहस्यांवर मन टिकत नसे. बरेच दिवस तिला याचं वाईट वाटत राहिलं. मग तिने ठरवलं की मरिया आई आहे, तिला माझी इच्छा दिसत असेलच.

तेव्हा मन भटकलं हे लक्षात आलं की परत या, इतकंच. कितव्या मण्यावर सुटलं ते शोधत मागे जाऊ नका. जे पुन्हापुन्हा आठवतं त्यात बहुधा खरी काळजी दडलेली असते. उद्याच्या मुलाखतीची, आईच्या तपासण्यांची. तीच त्या दशकाची विनंती करून टाका. ठरवून मोबाइल चाळत म्हटलेली रोझरी ही मात्र वेगळी गोष्ट. तिला भटकणं म्हणत नाहीत.

कोणत्या दिवशी कोणती रहस्यं?

सोमवार आणि शनिवार आनंदाची: दूताचा संदेश, अलिशिबेची भेट, येशूचा जन्म, मंदिरातलं समर्पण, बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडणं. मंगळवार आणि शुक्रवार दुःखाची: गेथशेमानीतली वेदना, फटक्यांचा मार, काट्यांचा मुकुट, क्रूस वाहणं, क्रूसावरचं मरण. गुरुवार प्रकाशाची: यार्देन नदीतला बाप्तिस्मा, काना गावचं लग्न, देवराज्याची घोषणा, रूपांतर, शेवटच्या भोजनात ख्रिस्तशरीर साक्रामेंताची (पवित्र भाकरीच्या विधीची) स्थापना. बुधवार आणि रविवार गौरवाची: पुनरुत्थान, स्वर्गारोहण, पवित्र आत्म्याचं आगमन, मरियेचं स्वर्गोन्नयन, तिचा राज्याभिषेक.

हे वेळापत्रक सोयीसाठी आहे. नाताळच्या दिवशी मंगळवार आला म्हणून कुणी येशूच्या जन्माऐवजी फटक्यांच्या मारावर चिंतन करत बसत नाही.

आमच्या आजीच्या पुस्तकात प्रकाशाची रहस्यं नाहीत. ती नंतर का आली? न म्हटली तर चालेल का?

आधीच्या पंधरा रहस्यांत एक मोठी फट होती. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो आणि पुढच्याच रहस्यात तो गेथशेमानीत घाम गाळतोय. मधली सगळी शिकवण, चमत्कार, शिष्य, काहीच नाही. जॉन पॉल दुसरे यांनी 16 ऑक्टोबर 2002 रोजी काढलेल्या पत्रातून ही पाच रहस्यं सुचवली आणि पुढचं वर्षभर रोझरीचं वर्ष म्हणून पाळलं गेलं. 'सुचवली' हा शब्द मुद्दाम वापरतोय. त्यांनी ती सक्तीची केली नाहीत.

पंधरा रहस्यांच्या दीडशे नमो मरिया म्हणजे बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांचा जोडीदार, हे जुनं नातं तुटतं म्हणून काहींना ही भर रुचत नाही. त्यांचा मुद्दा चुकीचा नाही. पण काना गावचं लग्न एकदा रोझरीत आलं की ते काढून टाकायला मन धजत नाही, असा माझा अनुभव.

रोझरी संत डॉमिनिकला मरियेने दिली, हे खरं आहे का?

अशी परंपरा आहे. डॉमिनिकन संघाचा संस्थापक असलेल्या या संताला 1214 साली फ्रान्समधल्या प्रुई इथे मरियेने दर्शन देऊन रोझरी दिली, असं सांगतात. चर्चमधल्या कितीतरी चित्रांत तो गुडघे टेकून माळ घेताना दिसतो. मात्र त्याच्या काळातल्या लिखाणात याचा उल्लेख सापडत नाही. ही कथा पसरली ती अडीचशे वर्षांनंतर, त्याच्याच संघातला धर्मगुरू आलँ दे ला रोश याच्या प्रवचनांतून. हा आलँ 1475 साली वारला. त्याच वर्षी कोलोनमध्ये रोझरीची भक्तमंडळी स्थापन झाली आणि पाहता पाहता अशा मंडळ्या युरोपभर उभ्या राहिल्या.

इतिहासाला जे दिसतं ते अधिक संथ आहे आणि मला तेच जास्त भावतं. मठांमधले साधू दीडशे स्तोत्रं लॅटिनमध्ये म्हणत. ज्या बांधवांना वाचता येत नसे ते त्यांच्या जागी दीडशे वेळा प्रभूची प्रार्थना म्हणत आणि मोजायला दोरीतले मणी वापरत. पुढे तिथे नमो मरिया आली, मग पन्नासाचे तीन भाग पडले, मग येशूच्या आयुष्यातले प्रसंग जोडले गेले. म्हणजे जी प्रार्थना आज पोपपासून सगळे म्हणतात, तिची मुळं वाचता न येणाऱ्यांच्या गरजेत आहेत. पोप पायस पाचवे यांनी 17 सप्टेंबर 1569 रोजी तिच्या रूपाला अधिकृत मान्यता दिली. नमो मरियेचा उत्तरार्ध, 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी' या शब्दांसह, त्याच्या आदल्याच वर्षी रोमन प्रार्थनाग्रंथात पक्का झाला होता.

7 ऑक्टोबरचा सण लढाईशी जोडलेला आहे असं ऐकलं.

हो. 7 ऑक्टोबर 1571 रोजी लेपांतोच्या समुद्रात ख्रिस्ती राज्यांच्या आरमाराने ऑटोमन आरमाराचा पराभव केला. पायस पाचवे यांनी रोझरीचं आवाहन केलं होतं, म्हणून विजयाचं श्रेय त्यांनी मरियेच्या मध्यस्थीला दिलं आणि विजयमातेचा सण सुरू केला. 1573 मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी त्याला रोझरीचं नाव दिलं. 1716 मध्ये तो सगळ्या ख्रिस्तसभेसाठी झाला. पूर्ण ऑक्टोबर महिना रोझरीचा झाला तो पोप लिओ तेरावे यांच्यामुळे. 1883 पासून त्यांनी रोझरीवर एकामागून एक अशी दहाहून अधिक परिपत्रकं काढली.

आज तो सण साजरा करताना तोफा आठवायची गरज नाही. आताचे पोप रोझरी सांगतात ती शांततेसाठी.

लूर्द (फ्रान्स) आणि फातिमा (पोर्तुगाल) इथल्या मरियेच्या दर्शनांवर विश्वास ठेवला तरच रोझरीला अर्थ आहे का?

नाही. ख्रिस्तसभेने ही दर्शनं विश्वासार्ह ठरवली असली तरी अशा खासगी प्रकटीकरणावर विश्वास ठेवायची सक्ती नसते. रोझरी त्यांच्या कितीतरी आधीची.

पण लूर्दची एक बारीकशी गोष्ट सांगण्याजोगी आहे. 11 फेब्रुवारी 1858 रोजी चौदा वर्षांची बर्नादेत सरपण गोळा करायला गेली असताना तिला गुहेत एक स्त्री दिसली. घाबरून तिने खिशातली माळ काढली. तिने पुढे सांगितलं की त्या स्त्रीच्याही हातात माळ होती, मणी बोटांतून सरकत होते, पण ओठ हलत नव्हते. बरोबरच आहे, मरिया स्वतःलाच नमो मरिया कशी म्हणेल! फातिमाला 1917 साली 13 मे ते 13 ऑक्टोबर या काळात तीन मुलांना झालेल्या दर्शनांत रोज रोझरी म्हणण्याची विनंती पुन्हापुन्हा आली. दशकाच्या शेवटी 'हे माझ्या येशू, आमच्या पापांची क्षमा कर' ही छोटी प्रार्थना म्हणतात ती तिथली. ती ऐच्छिक आहे.

मिस्सा चालू असताना रोझरी म्हटली तर?

म्हणू नका. पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये असताना बरेच जण तसं करत, पण आता त्याला कारण उरलं नाही. ज्याच्या आयुष्याचं चिंतन करायचं तोच समोर वेदीवर असताना चिंतनाची माळ ओढत बसणं विचित्र आहे. मिस्सेआधी म्हणा, नंतर म्हणा. पवित्र साक्रामेंताच्या (पवित्र भाकरीच्या रूपातल्या येशूच्या) आराधनेच्या वेळी मात्र चालते, येशूवर लक्ष ठेवून म्हटली तर.

घरात मुलांना बसवायचं कसं?

फातिमाच्या त्याच मुलांकडून धडा घ्या. दर्शनांच्या आधी लुसिया, फ्रान्सिस्को आणि जसिंता मेंढरं राखताना रोझरी म्हणत, कारण घरून तशी ताकीद होती. पण खेळायची घाई असे. मग त्यांनी शोधलेला मार्ग असा की पूर्ण प्रार्थनेऐवजी प्रत्येक मण्यावर नुसतं 'नमो मरिया, नमो मरिया' म्हणायचं आणि मोठ्या मण्यावर 'आमच्या बापा'. रोझरी क्षणात खलास! लुसियाने हे मोठेपणी स्वतः लिहिलंय. यातली दोन मुलं आज संत आहेत.

तेव्हा पाच वर्षांच्या मुलाकडून पाच दशकांची अपेक्षा नको. एक दशक घ्या. रहस्य त्याला जाहीर करू द्या, मेणबत्ती त्याला पेटवू द्या (जवळ उभं राहून), विनंती त्याला ठरवू द्या. ती कुत्र्याच्या पिलासाठी असली तरी हसू नका. आणि रोझरी शिक्षा म्हणून कधीही देऊ नका. "भांडलात ना, आता बसा रोझरीला" हे ऐकत वाढलेली माणसं पुढे चाळिशीपर्यंत माळेला हात लावत नाहीत.

सगळे थकून आलेल्या घरात रोज संध्याकाळी सगळ्यांची वेळ जुळणं अवघड असतं. जितके असतील तितक्यांनी म्हणावी. आलेल्याने मधूनच सामील व्हावं, कुणी डोळे वटारू नयेत.

रोझरी म्हटली की मागणं पूर्ण होतं का? कोणी सांगतं सलग इतके दिवस म्हणा, खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून.

सलग नऊ दिवसांची नोव्हेना असते, 54 दिवसांचीही प्रचलित आहे: सत्तावीस दिवस मागण्याचे, सत्तावीस आभाराचे. शिस्तीसाठी हे चांगलं. पण आकडा चुकला म्हणून देव पाठ फिरवतो असं वाटायला लागलं की ती श्रद्धा राहत नाही, व्यवहार होतो. 'हा संदेश अकरा जणांना पाठवा नाहीतर अनिष्ट होईल' असले मरियेच्या चित्रासह येणारे निरोप सरळ पुसून टाका. त्यात मरियेचं काही नाही.

मागायला मात्र लाजू नका. नोकरी मागा, बरं होणं मागा. फक्त दुःखाच्या पहिल्या रहस्यात येशूनेही दुःखाचा पेला टळावा असं मागितलं होतं आणि तो टळला नव्हता, हे लक्षात असू द्या.

कुणी वारलंय, किंवा घरात मोठं आजारपण आहे. प्रार्थनेला शब्दच सुचत नाहीत.

रोझरी खरी कामाला येते ती इथे. आयसीयूच्या बाहेर रात्री दोन वाजता प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला स्वतःची वाक्यं जुळवायला सांगणं क्रूरपणा आहे. त्याला तयार शब्द हवे असतात, शतकानुशतकं वापरून गुळगुळीत झालेले. चिंतन जमत नसेल तर जाऊ द्या. मघाशी चिंतनाबद्दल जे लिहिलं ते या रात्रीसाठी नाही. माळ मुठीत धरून नुसतं बसलात तरी चालेल. बाजूला बसलेल्याने म्हणावी, तुम्ही 'आमेन' म्हणा. वारलेल्या माणसाच्या घरी जाताना काय बोलावं हे सुचत नाही, तिथेही हेच. सांत्वनाचे चुकीचे शब्द बोलण्यापेक्षा एक दशक सोबत म्हणणं कितीतरी बरं.

अशा वेळी दुःखाची रहस्यंच घ्यावीत असं काही नाही. काहींना गौरवाची हवी असतात.

रोझरीने पूर्ण दंडमोचन मिळतं म्हणजे काय?

पापनिवेदनात पापाची क्षमा होते, पण पापाने मागे ठेवलेला ऐहिक दंड उरतो. तो ख्रिस्तसभेच्या द्वारे माफ होणं म्हणजे दंडमोचन. चर्चमध्ये किंवा प्रार्थनामंदिरात, अथवा कुटुंबात, मठात वा भक्तमंडळात मिळून, किमान पाच दशकं सलग आणि रहस्यांवर चिंतन करत म्हटली तर पूर्ण दंडमोचन मिळू शकतं. सोबत नेहमीच्या अटी: पापनिवेदन, कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर घेणं), पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची कसलीही ओढ मनात नसणं. शेवटची अट सर्वांत अवघड. ती पूर्ण झाली नाही तर दंडमोचन आंशिक राहतं. ते मृतांसाठीही अर्पण करता येतं.

माळ नसेल तर बोटांवर चालते का? अर्ध्यात झोप लागली तर?

बोटं दहा आहेत, दशकाला पुरेशी. मोबाइलवरच्या आवाजासोबतही म्हणता येते, पण तुम्ही म्हणायला हवी. नुसती लावून ठेवलेली रोझरी म्हणजे पार्श्वसंगीत. झोप लागली तर लागली. रोजच लागत असेल तर वेळ अलीकडे आणा.

कॅथलिक नसलेल्या व्यक्तीला म्हणता येते का?

हो, कुणाची परवानगी लागत नाही. मिश्र विवाहाच्या घरात जोडीदार नुसता सोबत बसतो, कधी एखादं दशक म्हणतो. त्याला आडून धर्मप्रचाराचं रूप मात्र देऊ नये.

माळ गळ्यात घालावी का? गाडीच्या आरशाला लटकवावी का?

मनाई नाही, पण प्रार्थनेची वस्तू दागिना किंवा ताईत होऊ नये. माळ गाडीला लटकवून सिग्नल तोडणाऱ्याला मरिया वाचवेल याची हमी कुणी दिलेली नाही. खिशात ठेवावी हे माझं मत; हात सहज जातो.

माळेला आशीर्वाद घेणं आवश्यक आहे का? तुटली तर काय करायचं?

धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पदावरचे सेवक) यांच्याकडून आशीर्वाद घ्यावा, पण आशीर्वाद नसलेल्या माळेवरही प्रार्थना होते. तुटलेली माळ आधी दुरुस्त करून पाहा, बहुतेक वेळा एखादी कडी दाबून बसवली की झालं. अगदीच निकामी झाली तर कचऱ्यात टाकू नका. जमिनीत पुरा, लाकडी किंवा दोऱ्याची असेल तर जाळा. आशीर्वादित माळ विकू नये. कुणाला द्यायची असेल तर तशीच द्या.